पारीवरचा वाद

सानगडीत सहानगडाचा किल्ला आहे, आणि बाहेरून येणारा माणूस आधी त्याचीच चौकशी करतो. साकोली तालुक्यातली खरी मेहनत मात्र तलावांच्या पारींत, म्हणजे मातीच्या बांधांत, गाडलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सात हजारांच्या आसपास जुने मालगुजारी तलाव आहेत. चांद्याच्या गोंड राजाने ‘जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन’ असं फर्मान काढलं, असं सांगतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे खंड काढले, त्यात तलाव बांधण्यातल्या कसबासाठी कोहळी समाजाचं नाव घेतलं आहे. नवेगाव, शिवनी, सिरेगाव हे मोठे बांध त्यांचेच. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणतात, थोडक्यात मामा तलाव.

हे तलाव आता कोणी राखायचे? काठावरच्या लोकांनी, की ज्याच्या ताब्यात आहेत त्या सरकारने? खालच्या संवादातले मामाजी आणि भाची ही दोन माणसं मी रचली आहेत. मामाजी लघु सिंचनातून निवृत्त झालेले शाखा अभियंता, ढिवर या मासेमार समाजातले, घरातून नोकरीत गेलेले पहिले, आता सानगडीत राहतात. भाची जवळच्याच एका लहान गावात दिलेली. मासे विकते, बचत गट चालवते, बाजाराला आली की मामाजींकडे टेकते. त्यांची बोली मी बरीचशी प्रमाण केली आहे, थोडी तशीच राहू दिली.

भाची: मामाजी, यंदा आम्ही ठरवलं. तलावातली बेशरम (माजणारी झुडपं) आम्हीच उपटणार, पावसाच्या आधी. तुमच्या सरकारची वाट पाहून डोळे पांढरे झाले.

मामाजी: उपटा. उपटून झाली की साहेब येईल, फोटो काढील आणि अहवालात लिहील, ‘लोकसहभागातून’. हा शब्द मीही पुष्कळ घातला. निधी नसला की तो घालायचा, अशी आमच्याकडे रीतच होती.

भाची: म्हणजे करायचंच नाही?

मामाजी: करा ना बाप्पा. पण एक सांग. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्याला कोणी म्हणतं का, की तुझ्या घरासमोरची गटार तू उपस, त्यातून तुझं सक्षमीकरण होईल? तो कर भरतो, मोकळा होतो. श्रमदान गरिबाच्याच वाट्याला कायले? दिवसभर रोवणीला वाकलेली बाई संध्याकाळी गावासाठी टोपलं उचलते, त्याचं कौतुक करणारे लोक पंख्याखाली बसलेले असतात.

(मागास भागातल्या लोकांनी स्वतः उभं राहावं, असं लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा अंगावर घ्यावा. माझ्यासकट.)

भाची: मला कौतुक नको. मला तलाव पाहिजे. मागे ठेकेदाराचा जेसीबी आला होता, आठवते? गाळ काढला, काठ भिंतीसारखा उभा कापला. तुमच्या वहीत साठा वाढला असेल. आमचा तलाव गेला. उथळ काठावर देवधान यायचं, पाखरं यायची, मासा तिथेच अंडी घालतो. उभ्या भिंतीवर मासा काय चढून अंडी घालील?

मामाजी: अंदाजपत्रकात घनमीटर असतात, बाई. मासा नसतो.

भाची: तेच म्हणते ना मी. ठेकेदाराला ठाऊक नव्हतं आणि विचारायलाही कोणी आलं नाही. पारीवर आमच्या दहा म्हाताऱ्या बसल्या होत्या.

इथे भाचीच्या बाजूने साक्ष द्यायला शेजारचा अर्जुनी मोरगाव तालुका आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर तिथल्या ढिवरांसोबत तलावांवर काम करत आले आहेत, आणि त्या कामाचं डोकं मच्छीमारांचं आहे. पतीराम तुमसरे यांच्यासारख्या माणसांना कुठली वनस्पती पाण्यात बुडून राहते, कुठली तरंगते, कुठली काठावर उभी राहते आणि कुठल्या माशाला कुठली लागते, हे पिढीजात ठाऊक होतं. तलावातले देशी मासे कमी का झाले, याचं उत्तर त्यांनी त्याच माहितीतून शोधलं. बेशरमने उथळ भाग व्यापला होता. उत्पन्न वाढावं म्हणून बाहेरून आणून सोडलेल्या माशांपैकी गवत्या वनस्पती फस्त करत होता आणि सायप्रिनस तळ उकरून काढत होता. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढायची, कोरडा पडलेला काठाकडचा तळ नांगरायचा, पाऊस पडला की दुसऱ्या चांगल्या तलावांतून चिला, चौरा अशा वनस्पती आणून लावायच्या, त्या रुजेपर्यंत गुरं आवरायची. पाण्याखाली केलेली रोवणीच ती. काही हंगामांत मरळ, मांगूर असे देशी मासे पुन्हा वाढले, पक्षीही परतले. या कामासाठी जे लागलं ते विकत मिळत नाही. ते गावात होतं, आणि तोवर कोणी त्याची किंमत केली नव्हती.

मामाजी: चांगलं काम आहे. ते मला मान्य. पण तू म्हणतेस तो काळ, गाव तलाव राखत होतं तो, त्यात तुला काय दिसते?

भाची: दरवर्षी पारीवर माती पडत होती. तुडुम (पाणी सोडायचं दार) साफ होत होतं. पाणकर ठरलेला होता. वरच्या बांधीपासून (धानाच्या शेतापासून) खालच्या बांधीपर्यंत पाणी कोणाला कधी, हे भांडण न होता चालत होतं.

मामाजी: भांडण होत नव्हतं, कारण भांडायची हिंमत नव्हती. ती माती कोणाच्या डोक्यावरून पडली? बिगार होती ती. मालगुजाराचा माणूस दारात येऊन उभा राहिला की तुझा पणजा टोपलं घेऊन निघायचा. बिगार गेली, ते चांगलंच झालं. पण बिगारीसोबत पारीवरची मातीही गेली, आणि तिच्या जागी काय ठेवायचं हे कोणी ठरवलं नाही. वर पुन्हा निस्ताराचं (वहिवाटीच्या हक्काचं) पाणी फुकट की पट्टी भरायची, यावर सरकार आणि शेतकरी वर्षानुवर्षं भांडत बसले. तेवढ्यात गाळ भरला.

मामाजींच्या या बोलण्याला फार लांबचा जोड सापडतो. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातही असेच साखळी तलाव आहेत. तिथे राजासाठी करायच्या सक्तीच्या कामाला राजकारिय म्हणत, आणि तलावांची दुरुस्तीही त्यातच यायची. ब्रिटिशांनी १८३२ साली ही सक्ती उठवली. माणसं सुटली, तलाव ढासळले. शेवटी १८५६ साली पाटबंधाऱ्यांचा वटहुकूम काढून शेतकऱ्यांच्या जुन्या पंचायती आणि रिवाज यांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. सक्ती गेल्यावर आपोआप ‘लोकसहभाग’ उगवत नाही, हे त्या लोकांना चोवीस वर्षांत कळलं. आपल्याकडे १९५१ पासून किती झाली, ते वाचकाने मोजावं.

भाची: मग बिगार नको आणि ठेकेदारही नको, असं काही आहे का तुमच्याजवळ?

मामाजी: आधी तू सांग, ‘लोक’ म्हणजे कोण? शेतकऱ्याला दिवाळीआधी धान गर्भात असताना तलाव रिकामा होईपर्यंत पाणी पाहिजे. ढिवराला उन्हाळ्यापर्यंत तलावात पाणी पाहिजे, नाहीतर मासा मरतो. पाणी आटलं की एक जण तळात गाळपेर करतो, पुढच्या वर्षी कुंपण घालतो, तिसऱ्या वर्षी म्हणतो माझीच आहे. पुढे पाणी चढलं तर हाच माणूस रात्री सांडवा फोडतो. तो कोणाचा कोण असतो, तुला ठाऊक आहे. त्याच्याविरुद्ध तुझा बचत गट उभा राहील?

भाची: …

मामाजी: बोल ना.

भाची: एकटा नाही राहणार. आमची घरं त्याच्याच शेतावर मजुरीला जातात.

मामाजी: म्हणून मी म्हणतो, वर कोणीतरी पाहिजे. ज्याला गावात सोयरीक करायची नाही आणि ज्याची उद्याची चूल गावातल्या कोणावर अवलंबून नाही. सरकार वाईट असेल, पण गावातला मोठा माणूस त्याच्याहून जवळ असतो.

हा मुद्दा मला या अख्ख्या वादात सर्वांत जड वाटतो. गाव एक असतं, हे शहरातून दिसतं. गावात उतरलं की वरच्या बांधीचा, खालच्या बांधीचा आणि बिनबांधीचा असे तीन वेगळे तलाव दिसू लागतात. सामाईक संपत्ती लोक स्वतः नीट सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं नाव घेऊन पुष्कळ जण ‘सगळं लोकांवर सोडा’ म्हणतात. त्यांनी अभ्यासलेल्या आणि टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये मात्र हद्द ठरलेली होती, देखरेख होती, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती, आणि लोकांचा नियम करण्याचा हक्क वरच्या सत्तेने मान्य केलेला होता. शेवटची अट लोक विसरतात.

भाची मात्र गप्प राहणारी नव्हती.

भाची: मामाजी, वर कोणीतरी पाहिजे म्हणता. तिवऱ्याला वर कोणी नव्हतं का?

मामाजी: ते कोकणातलं.

भाची: धरण ते धरण. लोक सांगत होते, गळती आहे, पाहा. लेखी दिलं होतं.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला, आणि महाराष्ट्र काही दिवस त्यावर कडवट हसला.

मामाजी: (बऱ्याच वेळाने) खेकडा पार पोखरतो, हे खोटं नाही. पण पोखरलेली पार पाहायला माणूस ठेवावा लागतो. आमच्यात पूर्वी असायचे. पदं रिकामी झाली, भरली नाहीत. एका शाखा अभियंत्याकडे किती तलाव, विचारू नको.

भाची: तेच ना. पाहायला आम्ही आहोत, रोजच. सकाळी जाळं टाकायला गेलेला माणूस पारीवरची ओल तुमच्याआधी पाहतो. फक्त त्याचं म्हणणं कुठे नोंदत नाहीत.

मामाजी: आणि नोंदलं, दुरुस्ती तुम्ही केली, आणि पार फुटली तर? खालच्या गावाला कोण जबाब देईल? बचत गटाची अध्यक्ष? बाई, चिखलाचं काम आणि पारीचं काम वेगळं आहे. तुडुमाजवळची माती कशी दाबायची, सांडव्याची उंची किती, हे चुकलं तर माणसं मरतात. ते हिशेब करणाऱ्याने सही करावी आणि त्या सहीला बांधील राहावं. हे मी सोडणार नाही.

भाची: सोडू नका. सही तुमची. पण कुठल्या तलावावर काय काम आधी, हे आम्ही ठरवू.

इथे वादाला पहिल्यांदा बूड आलं. मग भाचीने तिच्या मते हुकमी पान काढलं.

भाची: तुम्ही म्हणता, गावाला जमत नाही. मंडईची जत्रा कोण भरवते? दिवाळीनंतर नाटकं लागतात, वडसाची कंपनी येते, मंडप, लाइट, जेवण, हजारोंचा हिशेब. कोणता शाखा अभियंता येतो? रात्रभर नाटक चालते आणि सकाळी हिशेब फळ्यावर लागते.

मामाजी: नाटकाला तिकीट असते.

भाची: काय?

मामाजी: तिकीट असते. मंडळाने पैसा लावला की तिकिटातून परत येतो, उरला तर मंदिराला जातो. म्हणून गाव नाटकाला उभं राहतं. तलावाचं तिकीट कोणाजवळ आहे? पाणी सिंचनाचं, मासा ठेक्याचा, गाळ ज्याचा ट्रॅक्टर त्याचा, तळ गाळपेरवाल्याचा. तुम्ही चिला लावा, दोन वर्षांनी मासा वाढेल, आणि ठेका संपला की बोली जास्त लावणारा घेऊन जाईल. ज्याच्यावर हक्क नाही त्याच्यावर घाम गाळायचा, त्यालाच मी बिगार म्हणतो. हसत केली तरी.

मला वाटतं, मामाजींचं हे शेवटचं वाक्य त्यांच्या स्वतःच्या बाजूचं नाहीच. ते भाचीच्या बाजूने गेलं, फक्त तिला हवं त्यापेक्षा पुढे. लोकांनी करावं की सरकारने, हा प्रश्न त्या वाक्याने मागे पडतो. करणाऱ्याच्या हातात काय राहणार, हा प्रश्न पुढे येतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव आता कोणीही घेतं. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज्य) ही घोषणा सगळ्यांना पाठ असते, गावाचे नेते देवाजी तोफा यांचे फोटो असतात. पण त्या गावाने वर्षानुवर्षं एकमताने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली, अभ्यास गट चालवले, तरीही बांबू विकता आला तो २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर. तेसुद्धा लगेच नाही. वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यासाठी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. एकी होती, शहाणपण होतं, आणि तरीही कागदाशिवाय बांबूचं एक बंडल हललं नाही.

भाची: वनहक्कात मासाही येतो ना? आमच्या बैठकीत सांगितलं होतं.

मामाजी: येतो. कलम तीनमध्ये आहे, पाणवठ्यातला मासा, चराई. पण तलाव वनात पाहिजे किंवा वनाला लागून निस्ताराचा पाहिजे. आणि आपण आदिवासी नाही, भटक्या जमातीत. आपल्याला तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षं दाखवावी लागतात.

भाची: ढिवर पंचाहत्तर वर्षांपूर्वी काय आकाशात मासे धरत होते?

मामाजी: कागद दाखव म्हणतात. निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज. जुन्या बंदोबस्तात गावाचे रिवाज लिहिलेले आहेत. तालुक्याला नाही मिळालं तर भंडाऱ्याला जा, अभिलेख कक्षात. मी येईन, वाचून देईन.

भाची: म्हणजे तुम्ही आमच्या बाजूने झाले.

मामाजी: कोणाच्या बाजूने नाही. मला अर्धवट काम पाहवत नाही.

त्यानंतर दोघं अर्ज लिहायला बसले, आणि खरी ओढाताण तिथे सुरू झाली. भाचीने पहिलं वाक्य सांगितलं: ‘ग्रामस्थ श्रमदान करण्यास तयार आहेत.’ मामाजींनी ते लिहिलंच नाही.

मामाजी: हे लिहिलं की निधी गेला. फुकट होते म्हटल्यावर कोण देईल? लिही: बेशरम काढणे, तळ नांगरणे, वनस्पती लावणे, ही कामं रोजगार हमीतून, मजुरीसह. बहात्तरच्या दुष्काळात लोक रस्त्यावर आले, त्यातून पुढे महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी हा कायदा केला. तो याच्यासाठीच आहे. पाण्यात रोप लावायला मजुरी मिळते का, असं विचारतील. धान लावायला मिळते, म्हणा.

भाची: आणि काम कुठून सुरू करायचं, ते ग्रामसभा ठरवेल. उथळ काठाला मशीन लागणार नाही. हे जाड अक्षरात.

मामाजी: अर्जात जाड अक्षर नसते. खाली रेघ मारतो.

भाची: पारीचं अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचून दाखवायचं.

मामाजी: अंदाजपत्रक कोणी वाचते का? लोकांना काय कळेल त्यातलं?

भाची: तुम्ही वाचा, कळेल. किती ब्रास मुरूम लिहिला आणि किती पडला, हे आम्हाला तुमच्याहून चांगलं कळेल. डोक्यावरून आम्हीच नेतो.

मामाजींनी चष्मा काढून पुसला आणि ते कलम घातलं. नाशिककडे वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने पाणी वापर संस्था उभ्या केल्या, तेव्हा असंच सगळं मोजून, वाचून, वाटून घेतलं होतं, असंही पुटपुटले. सिंचन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा २००५ मध्ये झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण तिथे द्राक्षं आहेत, इथे धान, असं म्हणून स्वतःच विषय तोडला. द्राक्षवाला पाणीपट्टी भरू शकतो, धानवाल्याला सरकारी बोनसची वाट पाहावी लागते; हा फरक खरा आहे, आणि लोकांच्या हिमतीवर लिहिताना तो झाकू नये.

मामाजी: ठेका मोठ्या मुदतीचा मागू. अर्ज कोणाच्या नावाने?

भाची: मच्छीमार सोसायटीच्या. पट्टा तिच्याच नावाने आहे.

मामाजी: बेशरम उपटणार कोण?

भाची: बायाच जास्त. माणसं नागपूरले गेली आहेत कामाला.

मामाजी: सोसायटीच्या सभासद यादीत तुझ्या गटातल्या किती बाया आहेत?

भाचीला याचं उत्तर ठाऊक होतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायांचे गट बांधले आणि त्यांना ग्रामसभेत नेऊन बसवलं, ते याच प्रश्नापायी. मासे विकणाऱ्या बाया, तलावात उतरणाऱ्या बाया, आणि निर्णयाच्या वेळी घरी असणाऱ्या बाया.

भाची: एकही नाही.

मामाजी: मग पट्टा मोठ्या मुदतीचा झाला तर तो कोणाचा झाला?

भाची: हाव, कळलं. बोलू नका पुढे.

मामाजी: दुसरा कागद दे. वर लिही, प्रति, सहायक निबंधक, सहकारी संस्था, साकोली. विषय: सभासदत्व मिळण्याबाबत. नावं सांग, एकेक. माहेरचं नको, सात-बारावर किंवा रेशन कार्डावर जसं आहे तसं.